बारावीनंतरच्या वाटा (लेखांक 7) : जानेवारीतला प्रवेश

पुरवणी परीक्षेवरच्या मागच्या लेखांकानंतर बहुतेक पालकांनी एकच गोष्ट विचारली. पोरगं पास झालं, पण तोवर कॉलेजच्या याद्या लागून गेल्या. आता पुढच्या जूनपर्यंत घरी बसवायचं का? नीटची तयारी मध्येच सोडलेल्यांचा, चुकीची शाखा घेऊन दिवाळीत घरी परतलेल्यांचा, लग्नानंतर गाव बदललेल्या मुलींचाही प्रश्न हाच. आपल्याकडे ‘वर्ष वाया गेलं’ हे वाक्य नापास होण्यापेक्षाही जड पडतं. म्हणून आज वर्षाच्या मधोमध मिळणाऱ्या प्रवेशाबद्दल.

जून 2024 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष एम. जगदेश कुमार यांनी जाहीर केलं की, विद्यापीठांना आता वर्षातून दोनदा, म्हणजे जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी-फेब्रुवारीत, प्रवेश देता येतील. बातमी मोठी झाली आणि अनेकांनी ती ‘आता कुठल्याही कॉलेजात जानेवारीत जागा मिळणार’ अशी वाचली. त्यातला ‘देता येतील’ हा भाग महत्त्वाचा. सक्ती कुणावरच नाही. ज्यांच्याकडे वर्गखोल्या आणि शिक्षक पुरेसे आहेत, त्यांनी आपले नियम बदलून हे करावं, एवढीच मुभा आहे. आपल्याकडच्या नेहमीच्या कॉलेजांत एकाच वेळी पहिल्या आणि दुसऱ्या सत्राच्या दोन तुकड्या चालवायला माणसं कुठून आणायची, हे कुठल्याही प्राचार्यांना विचारून पाहा. शिवाय प्रवेश परीक्षांचा सगळा गाडा जूनकडेच तोंड करून उभा आहे. जेईई मेन जानेवारीत आणि एप्रिलमध्ये अशी दोनदा होते खरी, पण दोन्ही वेळचे गुण त्याच एका पावसाळी प्रवेशासाठी. तेव्हा इंजिनीअरिंग, फार्मसीसाठी जानेवारीची आशा धरू नये.

खरा उघडा दरवाजा दूरशिक्षणाचा आहे. 1985 साली स्थापन झालेलं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, जुलै आणि जानेवारी अशा दोन सत्रांत प्रवेश देतं. महाराष्ट्रात त्याची प्रादेशिक केंद्रं मुंबई, पुणे आणि नागपूरला आहेत. आयोगाच्याच आकड्यांनुसार जानेवारी 2023 च्या एका सत्रात दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांना देशभरात सुमारे 4 लाख 28 हजार विद्यार्थी आले. मराठी माध्यमच हवं असेल तर पहिलं नाव नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं. पण तिथला मुख्य हंगाम जून-जुलैचा. जानेवारीत काय उघडतं ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहावं. इग्नूचे काही अभ्यासक्रमही फक्त जुलैतच सुरू होतात. म्हणून फॉर्म भरण्याआधी ‘जानेवारी सत्र’ या शीर्षकाखाली आपल्या अभ्यासक्रमाचं नाव आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर राहू नका.

आता फॉर्म. दूरशिक्षणाच्या प्रवेशाला हल्ली आधी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा डेब आयडी लागतो आणि डेब आयडी काढायला एबीसी आयडी, म्हणजे ज्यात तुमचे श्रेयांक जमा होतात त्या बँकेचा क्रमांक. तो डिजिलॉकरमधून निघतो आणि आधारवरचं नाव उचलतो. आपल्या मुलांची गाडी नेमकी इथेच अडते. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. आईचं नाव वेगळ्या रकान्यात. आधारवर मात्र नाव आधी, आडनाव शेवटी, आणि वडिलांचं नाव कधी आहे, कधी नुसतं आद्याक्षर. स्पेलिंगमधला एखादा जादा ‘ए’ तर घरोघरी. लग्नानंतर आधार बदललेल्या मुलींच्या कागदांवर दोन वेगळ्या बायका दिसतात. हा गुंता जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सुटत नाही. आधारची दुरुस्ती किंवा नावबदलाचं राजपत्र नोव्हेंबरातच हाती घ्यावं. गॅप असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्रही तेव्हाच करून ठेवावं, पुढे दुसऱ्या विद्यापीठात जाताना ते मागतात.

स्कॅनिंगचं थोडक्यात सांगतो. गुणपत्रिकेचा मोबाइलवर काढलेला फोटो, त्यावर स्वतःच्याच डोक्याची सावली, मग फाइल लहान करता करता आसनक्रमांक पुसट झालेला, असे अर्ज सर्रास त्रुटी काढून परत येतात. दहा रुपये देऊन नीट स्कॅन करून घ्या.

मुदतीबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं. अंतिम तारीख जवळ आली की मुदतवाढ मिळते, हे आता सगळ्यांना पाठ झालंय, त्यामुळे लोक निवांत असतात. मुदतवाढ प्रवेशाला असते, अभ्यासाला नसते. इग्नूत सेमिस्टर पद्धतीच्या अभ्यासक्रमाला जानेवारीत आलेल्या विद्यार्थ्याची पहिली सत्रान्त परीक्षा जूनमध्ये येते आणि त्याआधी असाइनमेंट जमा करायच्या असतात, साधारण एप्रिलअखेर. बहुतेक अभ्यासक्रमांत या असाइनमेंटना 30 टक्के वजन असतं. मार्चमध्ये पैसे भरले, पुस्तकं टपालाने येता येता एप्रिल लागला, तर मुलगा पहिल्याच सत्राला धापा टाकत पोचतो. पुस्तकांच्या पीडीएफ ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावर फुकट मिळतात. प्रवेश पक्का होण्याची वाट न पाहता वाचायला घ्याव्यात.

या प्रवेशातून सहा महिने वाचतात का? माझ्या मते सगळ्यांचे नाही. तीन वर्षांची पदवी जानेवारीत सुरू केली तर शेवटची परीक्षा डिसेंबरात, निकाल त्यानंतर. एमए, एमकॉमचे प्रवेश बहुतेक ठिकाणी जूनमध्येच असल्याने तिथे पुन्हा थांबावं लागतं; आधी वाचवलेले महिने शेवटी परत द्यावे लागतात. जो दुकान सांभाळून, नोकरी करून किंवा स्पर्धा परीक्षा देत शिकणार आहे, त्याला याचा त्रास नाही, उलट फायदाच आहे. पण ज्याला वर्ग, मित्र, प्रयोगशाळा आणि कॉलेजचं कट्ट्यावरचं आयुष्य हवंय, त्याला केवळ शेजाऱ्यांना सांगायला काहीतरी असावं म्हणून जानेवारीत अडकवू नये. त्याने सहा महिने टायपिंग, टॅली, ड्रायव्हिंग, जे जमेल ते शिकावं आणि जूनच्या रांगेत उभं राहावं. एक मधली वाटही आहे. एप्रिल 2022 पासून आयोगाने दोन पदव्या एकाच वेळी घ्यायला परवानगी दिली आहे, त्यातली एक नियमित आणि दुसरी दूरस्थ चालते. म्हणजे जानेवारीत इग्नूत नाव घातलेल्याला जूनमध्ये कॉलेजात प्रवेश घेता येतो, पहिली पदवी न सोडता. दोन्हीच्या परीक्षा एकाच दिवशी आल्या तर मात्र कुठलंच विद्यापीठ त्याच्यासाठी तारीख बदलणार नाही.

शेवटी एक खबरदारी. पेपरात ‘घरबसल्या बीटेक, जानेवारी बॅच’ अशी जाहिरात दिसली तर पान उलटा. इंजिनीअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा, वास्तुशास्त्र यांच्या पदव्या दूरस्थ पद्धतीने द्यायला मनाईच आहे. बाकी अभ्यासक्रमांसाठी त्या विद्यापीठाला त्या विशिष्ट सत्राची मान्यता आहे का, हे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येतं. गेल्या वर्षीची मान्यता यंदाही असेल, असं गृहीत धरू नका.

(पुढील लेखांकात : दुसऱ्या वर्षातून विद्यापीठ बदलायचं असेल तर श्रेयांक सोबत येतात का?)