ग्रंथी दाट, म्हणजे झाड कडक?

तुळशीचं पान चुरगळलं की बोटांना वास लागतो. टोमॅटोच्या खोडाला हात घासला की बोटं पिवळट-हिरवी होतात. ही करामत झाडावरच्या बारीक ग्रंथींची. बॉटनीवाले त्यांना ट्रायकोम म्हणतात. (आपला कापूससुद्धा सरकीवरचा ट्रायकोमच बरं का, फक्त ग्रंथी नसलेला.)

गांजाच्या मादी झाडाच्या फुलोऱ्यावर पिठीसाखर भुरभुरल्यासारखी चमक तुम्ही फोटोत पाहिली असेल. तीही हीच. देठावर बसलेला इवलासा गोळा आणि त्यात राळ. टीएचसी आणि सीबीडी ज्यांच्यापासून बनतात ती आम्लं या राळेतच असतात.

‘जितकी चमक जास्त, तितका माल कडक’ असं कट्ट्यावर कुणीतरी छातीठोकपणे सांगतंच. हे अर्धंच खरं आहे. ग्रंथी म्हणजे टाकी. टाक्या किती हे डोळ्यांना दिसतं, आत काय भरायचं ते जीन्स ठरवतात. कच्चा माल एकच; एक एन्झाइम त्यातून टीएचसीचं आम्ल बनवतं, दुसरं सीबीडीचं. म्हणूनच ग्रंथींनी गच्च भरलेलं झाडही नशेच्या दृष्टीने फुसकं निघू शकतं. ग्रंथी शाबूत, पण ही दोन्ही रसायनं अजिबात नाहीत, अशा झाडांवरचा अभ्यासही २००९ मध्ये प्रसिद्ध झालाय.

खरी पंचाईत होते ती सीबीडीसाठी नवं वाण तयार करणाऱ्यांची. त्यांना ग्रंथी दाट हव्यात. पण सीबीडी बनवणारं एन्झाइम थोडं टीएचसीही बनवतंच, साधारण २०-३० भागांमागे १ भाग. सीबीडी १० टक्क्यांवर नेलं की टीएचसी ०.३ टक्क्यांच्या वर सरकतं आणि अमेरिकेत ते पीक हेम्प म्हणून विकता येत नाही. सगळा हंगाम एका दशांशावर! २०१८ मध्ये हेम्पच्या शेतीला वाट करून देणाऱ्या उत्तराखंडातही मर्यादा ०.३ टक्केच आहे. तेव्हा भिंगाखाली निवडलेलं झाडसुद्धा शेवटी लॅबमध्ये तपासावंच लागतं.

गंमत म्हणजे आपला १९८५चा एनडीपीएस कायदाही जवळपास ग्रंथींच्याच रेषेवर चालतो. फुलोरा म्हणजे गांजा, वेगळी काढलेली राळ म्हणजे चरस. फुलोऱ्याशिवायची पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. मात्र ही सूट लागवडीला नाही. ‘प्रोजेक्टसाठी’ म्हणून होस्टेलच्या बाल्कनीत परवान्याशिवाय एक रोप लावलंत, तर त्यावर ग्रंथी किती हे कुणी मोजत बसणार नाही. शिक्षा १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड.