विश्लेषण : विमानाचे तिकीट काढल्यावर भाडे उतरले, तर फरक परत मिळतो का?

दिवाळी जवळ आली की पुण्यात नोकरी-शिक्षणासाठी गेलेल्या मुलांना घरी आणण्याची धावपळ भंडारा जिल्ह्यात सुरू होते. रेल्वेचे आरक्षण मिळाले नाही, तर पुणे-नागपूर विमान आणि तिथून पुढे रस्त्याने घर, हाच पर्याय उरतो. घाईघाईने तिकीट काढावे आणि आठवड्याने तेच विमान स्वस्त दिसावे, असे अनेकांच्या बाबतीत घडते. अशा वेळी जुने तिकीट रद्द करून नवे काढावे का? उत्तर बहुतेकदा ‘नाही’ असते. कारण आकडेमोडीत आहे.

भाडे सतत का बदलते?

विमानातील सर्व जागा एकाच दराने विकल्या जात नाहीत. कंपनी त्यांचे दरगट पाडते. स्वस्त गटातील जागा संपल्या की पुढचा, महाग गट उघडतो. विक्री अपेक्षेपेक्षा कमी असेल, तर बंद झालेला स्वस्त गट पुन्हा उघडला जातो. त्यामुळे भाडे चढते तसे उतरतेही. अमेरिकन एअरलाइन्सने १९८० च्या दशकात ही पद्धत संगणकाच्या साह्याने रुळवली. भारतात १९९४ मध्ये विमान वाहतूक खासगी कंपन्यांना खुली झाली आणि दर ठरवण्याचे स्वातंत्र्य कंपन्यांकडे गेले. अपवाद संकटकाळाचे. करोनाकाळात मे २०२० ते ऑगस्ट २०२२ पर्यंत सरकारने भाड्याची मर्यादा ठरवून दिली होती. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची शेकडो उड्डाणे रद्द झाल्यावरही अंतरानुसार कमाल भाडे बांधून देण्यात आले.

काढलेल्या तिकिटाचा दर बदलतो का?

नाही. तिकीट निघाले की व्यवहार पक्का झाला. नंतर बदलतो तो उरलेल्या जागांचा दर. भाडे दुप्पट झाले, तरी कंपनी वाढीव भाडे मागत नाही. निम्मे झाले, तरी आपणहून फरक परत करत नाही. सरकारी कर वा शुल्क नंतर वाढल्यास ते वसूल करण्याची तरतूद मात्र अनेक कंपन्यांच्या अटींत असते. शिवाय केवळ पैसे कापले गेले म्हणजे तिकीट निघाले असे नाही. आरक्षण निश्चित झाल्याचा संदेश आणि पीएनआर क्रमांक हाती आला का, हे आधी पाहावे.

रद्द करून नवे काढणे परवडते का?

समजा, तुमसरच्या एका कुटुंबाने पुणे-नागपूर तिकीट ६,५०० रुपयांना काढले. दहा दिवसांनी तेच ४,९०० रुपयांना दिसू लागले. फरक १,६०० रुपये. पण रद्द करण्याचे शुल्क ३,००० रुपये असेल, तर हाती येतील ३,५०० रुपये. त्यात १,४०० रुपये पदरचे घालून नवे तिकीट घ्यावे लागेल. म्हणजे स्वस्ताच्या मागे लागून १,४०० रुपयांचे नुकसान. हिशेब सोपा आहे : भाड्यातील घट रद्द करण्याच्या शुल्कापेक्षा जास्त असेल, तरच हा व्यवहार फायद्याचा. तारीख बदलतानाही बदलाचे शुल्क आणि नव्या दिवसाच्या भाड्यातील फरक असे दोन्ही मोजावे लागतात.

अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी २०२० मध्ये बहुतेक तिकिटांवरील बदलाचे शुल्क काढून टाकले. भाडे उतरल्यास तिथला प्रवासी तिकीट बदलून उरलेली रक्कम पुढच्या प्रवासासाठी जमा ठेवू शकतो. आपल्याकडे अशी मुभा सरसकट नाही.

नियम प्रवाशाच्या बाजूने काय सांगतात?

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमांनुसार रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही. प्रवास झालाच नाही, तर सरकारी कर, विमानतळ विकास शुल्क आणि प्रवासी सेवा शुल्क परत मिळते. ‘परतावा नाही’ असे लिहिलेल्या तिकिटालाही हे लागू आहे. प्रवासाला सात दिवस वा अधिक अवधी असेल, तर आरक्षणानंतर २४ तासांत तिकीट विनाशुल्क रद्द करण्याची वा बदलण्याची सोय नियमांत आली. ही मुदत ४८ तास करण्याचा मसुदा नोव्हेंबर २०२५ मध्ये मांडला गेला. त्यामुळे तिकीट काढताना लागू असलेली मुदत कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावी. कंपनीनेच उड्डाण रद्द केले, तर पर्यायी उड्डाण किंवा परतावा यांतून निवड प्रवाशाने करायची असते.

एजंटकडून तिकीट काढले असेल तर?

गावाकडे अनेक जण ओळखीच्या एजंटकडूनच तिकीट काढतात. एजंट हा कंपनीचा प्रतिनिधी मानला जातो, त्यामुळे परताव्याची जबाबदारी विमान कंपनीवरच राहते. मात्र एजंटचे स्वतःचे सेवाशुल्क सहसा परत मिळत नाही. तिकिटावर मोबाइल क्रमांक एजंटचा नव्हे, तर प्रवाशाचा हवा. नाहीतर वेळ बदलल्याचा संदेश एजंटकडे पोहोचतो आणि प्रवासी मात्र पुण्याच्या विमानतळावर ताटकळत बसतो.

थोडक्यात, खरा मोका पहिल्या काही तासांचा. तिकीट काढल्या दिवशी आणि विनाशुल्क मुदत संपण्यापूर्वी एकदा भाडे पुन्हा पाहावे. मुदत टळल्यावर उतरलेले भाडे दिसले, तर आधी रद्द करण्याचे शुल्क पाहावे आणि मगच बटण दाबावे.