गिट विंडोजवर का रेंगाळतं?

वाशिम, रिसोड, कारंजा इथली मुलं कोडिंग शिकू लागतात तेव्हा हातात बहुधा विंडोजचा लॅपटॉप असतो. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवायला ती गिट वापरतात. प्रकल्प वाढला, की काय बदललं हे सांगणाऱ्या ‘गिट स्टेटस’ला उत्तर यायला वेळ लागू लागतो. लिनक्सवर तेच उत्तर झटक्यात येतं. मग खापर फुटतं ते इंटरनेटवर: आपल्याकडे रेंजच नाही!

हा गैरसमज आधी दूर व्हायला हवा, कारण तो मुलांना उगाच खचवतो. स्टेटस, कमिट, ब्रँच बदलणं यांना एरवी नेट लागतच नाही. प्रकल्पाचा इतिहास लॅपटॉपच्याच डिस्कवर असतो. नेट लागतं ते क्लोन, फेच, पुल आणि पुशला. मोबाइल डेटा बंद करून स्टेटस चालवून पाहावं, तेवढ्याच वेळात उत्तर येईल.

लॅपटॉप जुना आहे, हे दुसरं कारण सांगितलं जातं. एसएसडीने फरक पडतो, हे खरं. पण त्याच लॅपटॉपवर लिनक्स टाकलं तरी गिट पळू लागतं.

खरं कारण गिटच्या जन्मात आहे. लिनक्स कर्नलच्या कामासाठी वापरात असलेल्या बिटकीपर या अशाच सॉफ्टवेअरची मोफत सोय संपली आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल 2005 मध्ये गिट लिहिलं. लिनक्सवर दोन गोष्टी अतिशय स्वस्त आहेत: एखाद्या फाइलचा आकार आणि वेळ विचारणं, आणि नवी प्रोसेस सुरू करणं. गिटची बांधणी या दोन्हींवर बेतलेली होती. स्टेटस म्हणजे नोंद असलेल्या प्रत्येक फाइलची चौकशी. विंडोजमध्ये अशा चौकशीसाठी सहसा फाइल उघडावी लागते, आणि ती वाट अँटिव्हायरससारख्या पहारेकऱ्यांसमोरून जाते. शिवाय गिटच्या रिबेस, स्टॅश यांसारख्या कमांड पूर्वी शेल स्क्रिप्ट होत्या. एकेका कमांडमागे कितीतरी प्रोसेस उभ्या राहत. पुढे त्या सी भाषेत लिहिल्या गेल्या.

पण म्हणून विंडोज मंद, असंही नाही. फोल्डरची यादी मागितली, तर विंडोज त्यातल्या सगळ्या फाइलींचे आकार आणि वेळा एकदम हातात देतं. कारंज्याच्या बाजारात सोयाबीनचं एकेक पोतं उतरवून विचारपूस करण्याऐवजी अख्ख्या गाडीची काटापट्टी बघावी, तसं. विंडोजसाठीच्या गिटमधली ‘एफएसकॅश’ ही सोय नेमकं हेच करते.

2017 मध्ये मायक्रोसॉफ्टने खुद्द विंडोजचा सोर्स कोड गिटवर आणला: सुमारे 35 लाख फाइली, 300 जीबी. साध्या गिटने तिथे क्लोनला 12 तासांहून जास्त, तर स्टेटसला 10 मिनिटं लागत. लागतील तेव्हाच फाइली आणणारी ‘जीव्हीएफएस’ व्यवस्था त्यांनी उभारली, आणि स्टेटस काही सेकंदांवर आलं. जून 2022 च्या गिट 2.37 मध्ये विंडोज आणि मॅकसाठी ‘एफएसमॉनिटर’ अंगभूत झाला. कोणती फाइल बदलली यावर तो लक्ष ठेवतो, त्यामुळे सगळ्यांची चौकशी टळते. मोठ्या प्रकल्पात तो जरूर चालू करावा.

अँटिव्हायरस बंद करण्याचा सल्लाही सर्रास मिळतो. तो धोक्याचा आहे. विंडोज 11 मधली ‘डेव्ह ड्राइव्ह’, म्हणजे कोडसाठी वेगळा ड्राइव्ह, ही सोय त्याहून बरी. तिथे विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर तपासणी करतो, पण फाइल उघडताना अडवून धरत नाही.

विंडोजमध्येच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल-2 घेतलं की काम झालं, हेही अर्धंच खरं. त्यातून सी ड्राइव्हवरचा प्रकल्प उघडला, तर प्रत्येक चौकशी दोन सिस्टिमांची वेस ओलांडते आणि गिट आणखीच रखडतं. प्रकल्प लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवावा लागतो.