हलणे आणि हलवणे : मज्जातंतूंच्या शस्त्रक्रियेनंतरचा हात

आंबेगाव तालुक्यातील आहुपे हे गाव सह्याद्रीच्या ऐन कड्यावर, घोड नदीच्या उगमाकडे वसले आहे. या डोंगरपट्ट्यातील महादेव कोळी कुटुंबांना हिरड्याच्या विक्रीतून रोख पैसा मिळतो, आणि हिरडा काढण्यासाठी झाडावर चढावे लागते. फांदीवरून पडताना मान एकीकडे व खांदा दुसरीकडे ताणला गेला, तर मानेतून हातात उतरणाऱ्या मज्जातंतूंची पाच मुळे दुखावतात किंवा तुटतात. अशा वेळी हाड शाबूत असूनही हात लुळा पडतो. मोटारसायकलच्या अपघातातही हेच घडते.

अशा रुग्णास 'हात हलतो का?' असे विचारले आणि 'हलतो' असे उत्तर आले, तर त्यावरून फारसा बोध होत नाही. 'हलणे' या अकर्मक क्रियापदास कर्त्याच्या इच्छेची अपेक्षा नसते. वाऱ्याने पान हलते, तसा धडाच्या झोक्याने लुळा हातही हलतो. 'हलवणे' या प्रयोजक रूपात मात्र हलविणारा कर्ता गृहीत असतो. उपचाराची सारी वाटचाल पहिल्या क्रियापदाकडून दुसऱ्याकडे होते.

मूळ मज्जारज्जूपासूनच उपटले गेले असेल, तर ते पुन्हा जोडता येत नाही. तेव्हा शल्यविशारद बरगड्यांमधील श्वसनाचे मज्जातंतू वळवून कोपर वाकविणाऱ्या स्नायूच्या तंतूस जोडतात. नवे तंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतात. म्हणून पहिले स्फुरण दिसण्यास कित्येक महिने जातात. तोवर सांधे आखडू नयेत म्हणून हात दुसऱ्याने हलवावा लागतो.

पुढे एक विलक्षण अवस्था येते. रुग्णाने दीर्घ श्वास घेतला किंवा तो खोकला, की कोपर वाकू पाहते. हात हलतो, पण हुकूम अद्याप श्वासाचा असतो. नियमित सरावाने मेंदू हा नवा मार्ग आत्मसात करतो आणि कालांतराने श्वास न रोखताही कोपर वाकविता येते. तेव्हाच रुग्ण 'मी हात हलवतो' असे यथार्थतेने म्हणू शकतो.

कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या हातांवरही पुनर्रचनेच्या शस्त्रक्रिया होतात. पुण्याजवळ कोंढवा येथे डॉ. नोशीर अंटिया यांनी १९५० नंतरच्या दशकात असे कार्य केले. त्यात एका कामाचा स्नायुबंध दुसऱ्या कामास लावला जातो, आणि तेथेही नवी हालचाल शिकावीच लागते.

या शिक्षणास काळाची मर्यादा आहे. मज्जातंतूविना राहिलेला स्नायू साधारण वर्ष-दीड वर्षात नवा तंतू स्वीकारण्याची क्षमता गमावतो. यास्तव शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या सहा महिन्यांत व्हावी लागते. 'हात हलतो' या उत्तरावर समाधान मानून रुग्ण घाटमाथ्यावर परत गेला, तर हेच महिने वाया जातात. म्हणून प्रश्न असा हवा : 'हात तुम्हांला स्वतः हलवता येतो का, आणि काय केले म्हणजे हलतो?'