जन्मापूर्वीचा दोष

वर्गात मागे पडणाऱ्या बालकास आम्ही शिक्षक सहज ‘आळशी’ ठरवितो. पण उणिवेचे मूळ कधी कधी जन्मापूर्वीच रुजलेले असते. १९७३ साली अमेरिकेतील डॉक्टर जोन्स व स्मिथ यांनी मद्यपी मातांच्या बालकांतील बारीक डोळे, लहान डोके व खुंटलेली वाढ नोंदविली. दोष मद्याचा की कुपोषणाचा, ही शंका उरली. १९८१ साली कॅथलीन सुलिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी गाभण उंदरांना केवळ सातव्या दिवशी मद्य टोचले. गर्भांच्या चेहऱ्यांवर तशीच व्यंगे उमटली. हा दिवस मानवी गर्भाच्या तिसऱ्या आठवड्याशी जुळतो. तेव्हा दिवस गेल्याचे मातेस बहुधा ठाऊकही नसते! म्हणून अपत्याची इच्छा धरतानाच मद्य वर्ज्य करावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.