स्वमग्न मुलांच्या आईबापांसाठी

स्वमग्न मुलाच्या उपचारांसाठी सगळे धावतात. त्याच्या आईबापांच्या शिणवट्याची विचारपूस मात्र क्वचितच होते. कॅनडातील माँट्रियल येथे ६ ते १२ वर्षांच्या ५१ मुलांवर केलेला एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना ८ ते १२ आठवडे संगीतोपचार दिले, इतरांना संगीताविना खेळ. संगीताने लक्षणांची तीव्रता ओसरली नाही. पण मुलांचा संवाद सुधारला आणि घरचे जगणे सुसह्य झाल्याचे आईबापांनी नोंदविले.

दरबारी गवयाच्या घरात वाढलेल्या माझ्यासारख्या शिक्षकाला याचे नवल वाटत नाही. वाचकहो, रोज दहा मिनिटे पेटीवर हलका सूर धरावा; मूल जो ठेका देईल त्यालाच साथ करावी. त्याला आवाज सोसेना, तर थांबावे. साथीदाराने परीक्षा घ्यायची नसते. तेवढाच आईबापांच्या जिवाला विसावा.