आठ सिलिंडरांचा हिशोब

एखाद्या जुन्या पेढीचे उत्पन्न वाढवायचे असेल, तर नवे भांडवल ओतण्यापूर्वी तिच्यातील गळती शोधावी, असा सल्ला बँकेच्या नोकरीत मी पस्तीस वर्षे इतरांना देत आलो. निवृत्तीनंतर एका जुन्या मोटारीने तोच धडा मला नव्याने गिरवायला लावला.

नगरच्या जुन्या बाजारपेठेत आडतीचा व्यवसाय असलेले एक स्नेही कुटुंब आहे. घरातील थोरले शेटजी आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांच्या वडिलांनी मुंबईहून आणलेली १९४७ ची ब्यूक गोदामात पोत्यांच्या थप्पीआड कित्येक वर्षे उभी होती. एकाच ओळीत आठ सिलिंडर असलेले, सुमारे चार लिटर क्षमतेचे आणि ११० अश्वशक्तीचे मूळ इंजिन तिच्यात शाबूत होते. गतवर्षी ती सुरू केली, तेव्हा तिची गती पाहून सर्वांची निराशा झाली. इमामपूरच्या घाटात ती पहिल्या वळणालाच तापून थांबली. धाकट्या चिरंजीवांनी लगेच निर्णय दिला, “काका, हे इंजिन भंगारात घालू आणि डिझेल बसवू. गॅरेजवाल्याने खर्चाचा अंदाजही दिला आहे.” थोरल्या चिरंजीवांना हे मान्य नव्हते. दोघा भावांत आठवडाभर अबोला राहिला. शेवटी शेटजींनी मला बोलावले. “साहेब, तुम्ही आमच्या कितीतरी ट्रकांची कर्जे पाहिलीत. हा हिशोबही एकदा पाहा. माझी इच्छा एवढीच आहे, की वडील ज्या गाडीतून आम्हाला नेवाशाला आत्याकडे न्यायचे, त्याच गाडीतून एकदा तो घाट चढावा.”

हिशोब पाहायचा तर आधी मालमत्ता ओळखली पाहिजे. आठ सिलिंडरांचे सरळ इंजिन हे १९२० ते १९५० या काळातील श्रीमंती मोटारींचे वैभव होते. चार ठोक्यांचे चक्र क्रँकच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत पूर्ण होते. आठ सिलिंडर असल्यामुळे दर ९० अंशांना एक स्फोट होतो आणि शक्तीचा प्रवाह अखंड राहतो. या इंजिनाची प्रसिद्ध मृदुता त्यातूनच येते. त्याचा दोषही त्याच लांबीत आहे. आखूड दांडके पिरगळत नाही, पण लांब वेळू पिरगळतो. तसाच लांब क्रँक प्रत्येक स्फोटासरशी किंचित पीळ घेतो आणि सोडतो. फेरे वाढले की हे कंपन वाढत जाते आणि ठराविक मर्यादेपुढे क्रँक तुटूही शकतो. दुसरी अडचण वाटपाची. मध्यभागी बसवलेल्या एका कार्ब्युरेटरने आठ घरांना सारखे मिश्रण वाढणे कठीण असते. टोकाच्या घरांच्या वाट्याला कमी-अधिक येते.

या इंजिनाची शक्ती वाढवण्याचे सर्वांत देखणे उदाहरण आपल्याच मराठी इतिहासाशी जोडलेले आहे. जामखेड तालुक्यातील चौंडी हे पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे जन्मगाव. त्यांच्याच होळकर घराण्यातील इंदूरचे महाराज यशवंतराव द्वितीय यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीची ‘एसजे’ मोटार घेतली आणि लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून तिच्यावर भगव्या-काळ्या रंगाची दोन आसनी काया चढवली. ड्यूसेनबर्गच्या मूळ ‘जे’ इंजिनात सुमारे ६.९ लिटरचे आठ सिलिंडर, प्रत्येकी चार व्हॉल्व्ह आणि २६५ अश्वशक्ती होती. ‘एसजे’मध्ये हवा दाबून भरणारा सुपरचार्जर जोडला आणि कंपनीने तिची शक्ती ३२० सांगितली, म्हणजे सुमारे २१ टक्के वाढ. मात्र ही वाढ घेण्यापूर्वी अभियंत्यांनी ॲल्युमिनियमचे कनेक्टिंग रॉड काढून पोलादी नळीचे बसवले आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा अधिक कडक केल्या. क्रँकचे कंपन शोषण्यासाठी पाऱ्याने भरलेल्या कुप्या तर ‘जे’मध्येच होत्या. थोडक्यात, आधी तारण भक्कम केले आणि मग कर्ज वाढवले.

खुद्द ब्यूक कंपनीनेही १९४१ साली हा प्रयत्न केला होता. दोन कार्ब्युरेटर अशा रीतीने जोडले, की नेहमीच्या चालीत पहिलाच काम करील आणि पाय जोरात दाबल्यावर दुसरा उघडेल. त्यामुळे चार लिटरच्या इंजिनाची शक्ती ११५ वरून १२५ झाली आणि ५.२ लिटरच्या मोठ्या इंजिनाने १६५ गाठली. युद्धानंतर कंपनीने ही योजना सोडून दिली. धाकट्या चिरंजीवांना हे सांगितले, तेव्हा त्यांचे डोळे चमकले. “मग काका, आपणही दोन कार्ब्युरेटर लावू!” मी म्हटले, “जरूर विचार करू. पण आधी या आठ भागीदारांपैकी काम कोण करतो आणि कोण नुसता वाटा घेतो, ते पाहू.”

मिस्त्रींनी आठही सिलिंडरांचा दाब मोजला. सात घरांत तो १०० पौंडांच्या आसपास होता, आठव्यात केवळ ६०. अशा तपासणीत आकडा किती मोठा आहे, यापेक्षा आठही आकडे सारखे आहेत का, हे महत्त्वाचे असते. हेड उघडल्यावर आठव्या घराचा धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह जळलेला आढळला. त्याचे कारण पाण्यात होते. आपल्याकडचे बोअरचे क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये ओतले गेले होते आणि त्याचा गाळ ब्लॉकच्या मागील भागात साचला होता. लांब इंजिनात पंपापासून सर्वांत दूर असलेले घर अशा वेळी प्रथम तापते. ब्लॉकच्या टोप्या काढून गाळ उपसला, रेडिएटर धुतला, व्हॉल्व्ह आणि त्यांच्या बैठका घासून घेतल्या.

पुढची गळती प्रज्वलनाची. इंजिनाचे फेरे वाढतात तशी ठिणगी थोडी लवकर पडावी लागते. त्यासाठी डिस्ट्रिब्यूटरमध्ये बसवलेली छोटी वजने वाळलेल्या ग्रीसमुळे जागीच चिकटली होती. म्हणजे गाडी कितीही पळवली, तरी ठिणगी मंद चालीच्याच वेळेला पडत होती. तिसरी गळती मॅनिफोल्डच्या टोकांची. तेथील गॅस्केट सुटल्याने बाहेरची हवा आत शिरत होती आणि टोकाची घरे उपाशी राहत होती. या तीन दुरुस्त्यांत नवा भाग म्हणावा असे फारच थोडे लागले.

मग इंधनाचा प्रश्न आला आणि तो थेट आपल्या जिल्ह्याशी भिडला. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला. आज अशाच कारखान्यांतून तयार होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. शेतकऱ्याला त्याचा लाभ आहे; जुन्या इंजिनाला मात्र ते जपून पचवावे लागते. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते आणि त्याला हवाही कमी लागते. त्यामुळे जुन्या मापाच्या जेटमधून मिश्रण पातळ पडते, इंजिन तापते आणि ओढ कमी होते. आम्ही जेट किंचित मोठे केले, पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवल्या. टाकीतील मापकाचा बुचाचा तरंगकही बदलला, कारण त्यावर लाखेचा लेप होता आणि लाख मद्यार्कात विरघळते. इथेनॉलचा एक गुणही आहे: ते अकाली स्फोट, म्हणजे ठोके, रोखते. त्यामुळे ठिणगीची वेळ दोन-तीन अंश पुढे घेता आली.

याहून अधिक शक्ती हवी असेल, तर हेड थोडे घासून दाबाचे गुणोत्तर सहावरून सातच्या आसपास नेता येते. पुढे ब्यूकनेच याच जातीच्या इंजिनांत ते केले होते. पिस्टन आणि रॉड समान वजनाचे करून क्रँक तोलून घेता येतो. हमरस्त्यासाठी मागच्या धुऱ्याचे दातेरी गुणोत्तर बदलले, तर इंजिनाचे फेरे कमी होतात. परंतु त्या काळच्या ओतीव पांढऱ्या धातूच्या बेअरिंगांची सहनशक्ती मर्यादित असते. फेरे वाढवून शक्ती मिळवू पाहणारा मनुष्य मुद्दलच धोक्यात घालतो.

कायद्याची बाजूही मी दोघा भावांपुढे ठेवली. केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि मोठे फेरफार न झालेल्या वाहनास ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे आणि मुदत दहा वर्षे. अशी गाडी रोजच्या किंवा व्यापारी वापरासाठी नसते. डिझेल इंजिन बसवले असते, तर गाडी घाट चढली असती, परंतु या नोंदणीचा दावा आणि तिचे मोल दोन्ही गेले असते. धाकटे चिरंजीव बराच वेळ कागदावर आकडे मांडत बसले. मग म्हणाले, “दादा, डिझेलचा खर्च या दुरुस्तीच्या तिप्पट आहे.” अबोला तेथे संपला.

थोरल्यांनी जुनी नोंदणी नूतनीकृत करून विमा उतरवला आणि माघ महिन्यात एका पहाटे आम्ही निघालो. गाडी धाकट्यांनी चालवली, शेजारी शेटजी बसले. इमामपूरच्या घाटात उष्णतेचा काटा मध्यापुढे सरकला नाही आणि शेवटचे वळण गाडीने टॉप गिअरमध्येच घेतले. दोन कार्ब्युरेटर अद्याप लावलेले नाहीत. त्यांची गरज कोणाला वाटली नाही. नेवाशाला आत्यांचे घर आता त्यांच्या नातवांचे आहे. दारात गाडी थांबल्यावर शेटजी लगेच उतरले नाहीत. इंजिन चालूच ठेवायला सांगून ते काही क्षण त्याचा आवाज ऐकत बसले.

आपल्यापैकी अनेकांच्या गोदामांत अशी एखादी मोटार, एखादे इंजिन किंवा जुने यंत्र झाकलेले असेल. त्याविषयी निर्णय घेण्यापूर्वी त्याचे एकेक घर एकदा मोजून पाहावे, एवढीच विनंती.